म्हादूच्या वाटणीची वडी

लढाईमुळे दुकानात साबण मिळेनासा झाल्यापासून आळीतल्या सुना माझ्याकडे येतात. मागच्या दारी मी राखेचं पाणी गाळते, करंजेल तापवते आणि वड्या पाडते. वड्या तपकिरी होतात, त्यांना कडवट वास येतो, पण कपडे निघतात. मुली म्हणतात, "काकू, तुम्ही हे कुठं शिकलात?" मी म्हणते, "शिकले असंच." इतकी वर्षं हेच उत्तर देत आले. परवा एकीनं म्हटलं, "तुमच्या हाताला यश आहे." तेव्हा मात्र हातातली ढवळणी ठेवून मला आत जावं लागलं. तो हात माझा नव्हे. तो ठकूमावशीचा.

ठकूमावशी मूळची वलवणकडची. धरणाच्या पाण्यात त्यांचं शेत आणि घर गेलं. पुढं नवराही गेला. मग मुलाला घेऊन ती लोणावळ्यात आमच्या आळीच्या टोकाच्या खोलीत राहायला आली. मी लग्न होऊन आले तेव्हा तो मुलगा, म्हादू, मागच्या लढाईत पलटणीबरोबर लामावर, आघाडीवर, गेलेला होता. मावशी एकटी होती. म्हणजे खोलीत एकटी. एरवी तिचं तोंड सतत चालू असल्यामुळे ती एकटी आहे असं कुणालाच वाटायचं नाही.

सकाळी उजाडलं की डोक्यावर पाटी घेऊन ती राख गोळा करायला निघे. बंगल्यांच्या मुदपाकखान्यांतून, आळीतल्या चुलींतून. स्टेशनात इंजिनांच्या राखेचे ढीग पडलेले असत, पण तिकडे ती बघायचीसुद्धा नाही. "कोळशाची राख म्हंजी मेलेली राख. ती मळाला चावत न्हाई." लाकडाची हवी. कुणाच्याही दारात उभी राहून राख चिमटीत चोळायची आणि त्या घराचं सगळं सांगून टाकायची. "काल गवऱ्यांवर भागवलंत व्हय? लाकूड सरलं जनू!" घरातली बाई चिडायची. मावशी हसत पुढच्या दारात. पावसाळ्यात कुणी ओली राख दिली तर तिथंच ओतून म्हणायची, "ही तुमच्या नवऱ्याच्या डोक्याला लावा, माझ्या कामाची न्हाई."

तिच्या खोलीमागं तीन दगडांवर बुडाला भोकं असलेलं मडकं ठेवलेलं असे. आत पेंढा, त्यावर राख आणि चुना. वरून पाणी घालायचं, खालून तांबूस खारपाणी थेंबथेंब गळायचं. ते कडक झालं का हे ती जिभेचं टोक लावून बघे. वर्षानुवर्षं असं करून टोकाची चव गेलेली. कालवणात मुठीनं मीठ घालायची. एकदा मी तिला भाजणीचं थालीपीठ दिलं, तर म्हणाली, "आळणी झालंय." मी म्हटलं, "मावशी, तुझी जीभच गेलीय." "चव गेली गं," ती म्हणाली, "बोलनं ऱ्हायलंय न्हवं? तेवडं पुरं."

तेल आणि खारपाणी एकजीव होऊन साबण धरायला लागला, की तिथं कुणी बोलायचं नाही असा तिचा नियम होता. साबण रुसतो म्हणे. उलटं ढवळलं तरी रुसतो, शिंकलं तरी रुसतो. "जावयासारकं हाय त्याचं. मन राखावं लागतं." बाकीच्यांनी गप्प बसायचं आणि ती मात्र अखंड बोलत असायची. साबण बिघडला, पाणी एकीकडे आणि तेल एकीकडे झालं, तर दोष आमच्यातल्या कुणाचा तरी. तिचे घाणे बिघडायचेही बरेच. पण ते कबूल करेल तर ती ठकूमावशी कसली!

वड्या पाडून झाल्या की चांगल्यातली एक वडी ती बाजूला काढायची आणि खोलीतल्या उंच फळीवर ठेवायची. प्रत्येक घाण्यातली एक. त्या वड्यांची रांग फळीवर वाळत, आकसत बसलेली असे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "म्हादूच्या वाटनीची. लामावरनं येईल तवा कापडं किती मळल्याली आसतील त्याची! आन् साबन जुना झाला म्हंजी मऊ लागतो."

म्हादू जाताना तिला स्टेशनात एवढंच म्हणाला होता, "खोली सोडू नगंस आये. मी हितंच येनार." वलवणचं घर पाण्याखाली. उरला एक भाऊ, सुदुंबऱ्याला. पण घर बुडाल्यावर ती लेकराला घेऊन भावाकडे गेली, तेव्हा भावजयीनं त्या दोघांची पानं उंबऱ्याबाहेर मांडली होती. मावशी भरल्या पानावरून उठली आणि चालत परत आली. "मेले तरी त्या दारात जानार न्हाई. माझं पोर बी जानार न्हाई." ही गोष्ट आळीतल्या सगळ्यांना पाठ होती, कारण ती रोज सांगायची. तेव्हा म्हादूला आईला शोधायला जगात ही एकच जागा होती. त्या खोलीच्या भाड्यासाठीच तिचा साबण, आणि बंगल्यांचं धुणं.

आमच्या घरात तिचा साबण आला तो सासूबाईंच्या सोवळ्यामुळे. सासूबाई कडक. दुकानच्या साबणात चरबी असते, म्हणून तो उंबऱ्याच्या आत यायचा नाही. रिठ्यानं धुवून धुवून यांची कचेरीत जायची धोतरं पिवळी पडली होती. हे मालधक्क्यावर कारकून होते. गोरा साहेब एकदा धोतराकडे बघून काहीतरी बोलला. मग सासूबाईंनी पुष्कळ विचार करून तोड काढली. ठकूच्या साबणात तेल आणि राख. राख अग्नीतून आलेली, ती चालेल. पण तिच्या हातचं पाणी चालायचं नाही. तेव्हा पाणी आमच्या विहिरीचं, भांडं आमचं, आणि ढवळायचं मी. मावशीनं चार हातांवर बसून नुसतं सांगायचं. पुढं भांडीही त्याच साबणानं घासली जाऊ लागली.

मावशीला याची फार गंमत वाटे. लांब बसून काठीनं दाखवायची. "आता तेल वत. आगं सावकाश! सासूच्या अंगावर वततीयास जनू!" मी हसायची. त्या घरात मला हसवणारं दुसरं कुणी नव्हतं, हेही लिहून ठेवते. सासूबाई आतून विचारायच्या, "काय झालं?" मावशी ओरडायची, "काय न्हाई काकू, साबन रुसलाय!"

या कामासाठी एक जुनी लोखंडी कढई वेगळी काढलेली होती. एके दिवशी मी ती चुलीवर ठेवली तर बुडातून पाणी ठिबकायला लागलं. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कडई सांधून घे, मग करू." पण सासूबाई कीर्तनाला गेलेल्या, घर मोकळं, आणि मला तो घाणा त्याच दिवशी करायचा होता. मला दिवस गेले होते. धुण्याची रास साचली होती, ती एकदाची उपसायची होती. मी स्वयंपाकघरातलं कल्हईचं पितळी पातेलं उचलून आणलं.

मावशी उठून उभी राहिली. "आगं, ह्ये पानी कल्हई खातं."

"सासूबाई यायच्या आत धुऊन ठेवते."

"धुऊन काय व्हतंय? कल्हई जाईल ती जाईल. कल्हईवाला आला की आदी लावून घे. तवर त्यात काय आंबट घालू नगंस. ऐकलंस का?"

"हो गं बाई, ऐकलं."

साबण छान धरला. पातेलं मी घासून कोपऱ्यात उपडं घातलं. कल्हईवाला काही आला नाही.

पुढं एकादशी आली. संध्याकाळी ताक केलं, तेव्हा मला मळमळत होतं, अंधारून आलं होतं. हाताला लागलं ते पातेलं घेतलं आणि ताक त्यात ओतलं. रात्रभर ते त्यातच राहिलं. पहाटे झाकण काढलं तेव्हा कडेला हिरवट झाक दिसली का? दिसली असावी. मला नक्की आठवत नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. सासूबाईंनी निर्जळी एकादशी केलेली. द्वादशीचं पारणं त्यांनी त्या ताकाच्या कढीनं सोडलं. आम्ही अजून जेवायचो होतो. घटकाभरात त्यांना उलट्या सुरू झाल्या, आणि दुपारपर्यंत डोळे पांढरे व्हायला आले.

वैद्यांना आणलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि माझ्याकडे वळून पहिलाच प्रश्न तोच विचारला. "ताक कशात होतं? कळकलेलं नव्हतं ना?"

हे दाराशी उभे होते. सासूबाई कण्हत होत्या. मी म्हटलं, "दगडीत होतं."

ताक कळकतं ते कल्हई गेलेल्या पितळेत; दगडी भांड्यात ठेवलेलं कळकत नाही, हे कुणीही सांगेल. वैद्य विचारात पडले. म्हणाले, "मग दुसरं काही पोटात गेलं असणार. भांडी कशानं घासता?"

सासूबाईंनी डोळे न उघडता सांगितलं, "त्या ठकूच्या साबणानं."

बस, एवढंच झालं. मी कुणावर आळ घेतला नाही. मी नुसती उभी राहिले.

सासूबाई वाचल्या. पण तोवर ठकूच्या साबणात विष असतं हे आळीभर झालं. कुणी वड्या गटारात टाकल्या, कुणी तिच्या दारात आणून टाकल्या. राख द्यायचंही बायकांनी बंद केलं. बंगल्यांवर आमच्याच आळीतल्या मोलकरणी कामाला, त्यांनी ती गोष्ट तिकडे नेली, आणि तिचं धुणं सुटलं.

मावशी आमच्या अंगणात आली, ती भांडायलाच. पदर खोचलेला, आवाज चढलेला. "काकू, इतकी वर्सं माझ्या साबनानं कुनाला कायबी झालं न्हाई, आन् आताच झालं व्हय? मी सांगते काय झालं आसंल त्ये. त्या पातेल्या..."

मी सासूबाईंच्या मागं दारात उभी होते. मावशीची नजर माझ्यावर आली. तिला माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे. ती थांबली. पदर सोडला. "जाऊ द्या. आसंल माझंच कायतरी," म्हणाली आणि वळून गेली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं मला गाठलं. तिथं मात्र तिनं माझी गय केली नाही. "तुझं तोंड बघून गप बसले मी. पोटुशी हायेस. सासूनं तुला तशीच म्हायेरी धाडली आसती. पर सूनबाई, माझं काय? खोलीवाला खोली खाली कर म्हनतोय. माझं पोर यील तवा मी कुटं आसंन?"

"मी सांगते, मावशी. सासूबाई जरा हिंडत्या-फिरत्या झाल्या की सांगते."

"सांग बरं. मी वाट बगते."

तिनं खरंच वाट बघितली. मी पाण्याला गेले की ती खोलीच्या दारात उभी असायची. काही विचारायची नाही. नुसती भुवया उंचावायची. मी मान हलवायची, अजून नाही. सासूबाई हिंडत्या-फिरत्या झाल्या, कीर्तनाला जायला लागल्या. रोज सकाळी मी ठरवायची आणि रोज त्या काहीतरी बोलायच्या, "हे असं कसं चिरलंस," किंवा "पदर नीट घे," आणि तो दिवस तसाच जायचा. पुढंपुढं मी मावशीच्या दारावरून जाणं सोडलं. लांबच्या वाटेनं पाणी आणू लागले, पोट पुढं आलं असताना. मग एकदा तीच मागच्या दारी आली.

तिच्या डोक्यावर एक गाठोडं होतं. ती घराच्या आत आली नाही. मी बाहेर गेले.

"निगाले," ती म्हणाली.

"कुठं?"

"कुटं जानार? सुदुंबऱ्याला. भावाच्या दारात."

 तिनं गाठोडं सारखं केलं. आत खडखड वाजलं. वाळलेल्या वड्या होत्या.

"त्याच दारात जाते बग. कुनाला खरं वाटायचं न्हाई. म्हादूला तर न्हाईच. म्हनून तुला सांगाया आले. त्यो आला तर सांग, तुजी आय सुदुंबऱ्याला हाय. दुसरं कुनी सांगनार न्हाई, कुनाला ठावं बी न्हाई. तेवडं तरी कर."

"सांगेन," मी म्हटलं. "देवाशपथ सांगेन."

"देव ऱ्हाऊ दे. तू सांग." आणि तिनं ढवळणी माझ्या हातात दिली. "ही घे. भावजयीच्या घरात कोन मला साबन करू देतंय!"

पुढचं लिहायचं म्हणजे पातेल्याची गोष्ट अगदीच लहान वाटायला लागते. पातेल्याचं मी पुढं यांना सांगितलं. हे म्हणाले, "झालं ते झालं, आईला सांगू नकोस." सासूबाई गेल्या, तो विषय संपला. पण पुढचं मी यांनाही सांगितलं नाही.

मी बाळंतपणाला तळेगावला, माहेरी गेले. जाताना कुणाला तरी निरोप सांगून ठेवायला हवा होता, की ठकूमावशीचा म्हादू आला तर असं असं सांगा. पण घरात ठकूचं नाव काढायची सोय नव्हती. सासूबाईंनी विचारलं असतं, "तुला कसं माहीत? ती तुला का सांगून गेली?" मी मनाशी म्हटलं, इतकी वर्षं आला नाही, एवढ्यातच कशाला येतोय!

तो एवढ्यातच आला. बाळाला घेऊन मी परत आले, तेव्हा सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन, त्याच्या टाळूला तेल लावता लावता सहज म्हणाल्या, "अगं, त्या साबणवालीचा मुलगा आला होता. लामावरून सुटून. एक पाय ओढत होता बिचारा. दारोदार विचारत फिरला. मी म्हटलं, बाबा, ती इथून गेली, कुठं गेली आम्हाला ठाऊक नाही. बसला ओट्यावर थोडा वेळ. पाणी दिलं मी त्याला. मग मुंबईच्या गाडीत बसला म्हणे."

बाळ रडायला लागलं. मी त्याला घेतलं आणि पाजायला बसले. "सुदुंबऱ्याला आहे ती," हे तीन शब्द तेव्हाही बोलता आले असते. बोलून उपयोग काय, गाडी गेलेली, असं मला वाटलं. का वाटलं?

सुदुंबरं तळेगावहून लांब नाही. पण माझ्याच्यानं जाणं झालं ते मुलगा चालायला लागल्यावर. माहेरी गेले होते, वडिलांची गाडी त्या बाजूला निघाली होती, मी म्हटलं, मी येते. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. मावशी, म्हादू जिवंत आहे. मावशी, तो आला होता. मावशी, माझी चूक झाली. मुंबईला माणसं पाठवू, शोधू.

भावाच्या घरी आवारात गोठ्याला लागून एक पडवी होती, तिथं ती राहत होती. भावजयीनंच दाखवलं. "हितं अस्त्यात. दिसत न्हाई आता फारसं." मी वाकून आत गेले. ती खाली बसून मडक्यात राख भरत होती. म्हणजे इथंही तिनं मांडलंच होतं. डोळ्यांवर पांढरट सारा आलेला, मान आवाजाच्या दिशेला वळवलेली.

"कोन?"

"मी. लोणावळ्याची. सूनबाई."

तिचा राखेचा हात थांबला. तिनं माझ्या मुलाचं विचारलं नाही, सासूबाईंचं नाही, मी सगळ्यांना सांगितलं का हेही नाही. तिनं एवढंच विचारलं, आणि तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"आला व्हता का गं?"

मी तिच्यापुढं उकिडवी बसले होते. बाहेर माझा मुलगा गाडीवानाशी हसत होता. आला होता असं म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग तू काय सांगितलंस?

"नाही, मावशी," मी म्हटलं. "अजून नाही."

तिला मी एवढंही दिलं नाही की तिचा मुलगा लढाईतून जिवंत सुटला, आपल्या पायांनी चालत तिच्या दारापर्यंत आला, ओट्यावर बसून पाणी प्याला. एक पाय ओढत का होईना. तिच्या दुःखाला घाबरून मी खोटं बोलले, असं म्हणायला मला आवडलं असतं. मी माझ्याचसाठी बोलले.

"मग यील," ती म्हणाली. "लढाईतनं सुटाया येळ लागतोच."

मग ती भिंतीला धरून उठली. सुपात ताज्या वड्या सुकत ठेवल्या होत्या. एकेक चाचपून त्यातली एक तिनं उचलली, कडा अंगठ्यानं सारख्या केल्या. पडवीच्या आढ्याखाली फळी होती. तिच्यावर वड्यांची रांग होती, जुन्या काळ्या पडलेल्या, काही पार बोराएवढ्या झालेल्या. मी उठून म्हटलं, "दे, मी ठेवते."

"नगं," ती म्हणाली. "तुला ठावं न्हाई कुटली कुटं हाय ती."

टाचा उंचावून, हात वर करून ती रांगेवरून बोटं फिरवत गेली. शेवटची वडी लागली तशी ती जराशी आत सरकवली आणि नव्या वडीला जागा केली. तिची पाठ माझ्याकडे होती. गाडीवानानं बाहेरून हाक दिली, तेव्हाही तिचा हात फळीवरच होता.